आठ की दहा

बोहोरपट्टीत, हातिमशेटच्या दुकानात
काउंटरवर तीन यंत्रं आली.
दादांनी चष्मा कपाळावर सारला.
एकतीस वर्षं सातपूरला लेथवर काढलेला माणूस,
लोखंड त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं.
"लोखंड सरळ," म्हणाले,
"वर जे, तेच आत.
ह्या काँक्रीटच्या पोटात काय असेल कोणी सांगावं?"

"काळा दगड," हातिमशेट म्हणाले,
"दुसरं काय असणार आपल्याकडे.
पांडवलेणीचाच भाऊबंद.
तिथं छन्नीनं खोल्याच्या खोल्या कोरल्या लोकांनी,
आणि तुम्हाला तर चार भोकं पाडायची आहेत."

पहिलं यंत्र हलकं, पिवळं. लाकडाला बरं,
फार तर विटेला.
पण पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या इमारतीत
वीट औषधालाही नाही,
आठही मजले ओतलेले.
दुसरं थरथरतं फार, मारतं कमी.
("आमच्या सुपरवायझरसारखं," दादा पुटपुटले.)
तिसऱ्याच्या आत दट्ट्या,
ते स्वतःच ठोकत जातं,
आपण फक्त धरून राहायचं.

धरून राहायचं, ह्यावर दादा काही बोलले नाहीत.

किंमत ऐकून मी भाड्याचं विचारलं.
तीनशे रुपये, सहाच्या आत परत.
"यंत्र भाड्याचं चालेल," दादा म्हणाले,
"बिट आपलं पाहिजे."
मग डबाभर बिटं काउंटरवर ओतून
एकेकाच्या टोकावरची कार्बाइडची टिकली
नखानं तपासत बसले.
मागे दोन प्लंबर ताटकळले,
एकाचा चहा निवला.

"आठ की दहा?" हातिमशेटनी विचारलं.
"लावायचंय काय?"
मी घाईनं म्हणाले, "टॉवेलचा दांडा."
"वजन किती यायचं?"
मी रस्त्याकडे बघितलं.
बिटावरून नजर न काढता दादा म्हणाले,
"एकसष्ट किलो."

हातिमशेट काही म्हणाले नाहीत.
आठचं बिट डब्यात गेलं.
दहाचं कागदात गुंडाळलं त्यांनी,
चार फास्टनर,
आणि न मागता एक पाचवा.

घरी दादांनी फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली,
बिटाला खोलीची खूण म्हणून काळी टेप.
"मी करू का?" विचारून बघितलं.
आधी ठोका बंद ठेवून फरशी ओलांडली,
मग ठोका सुरू.

गेलं वर्षभर ते हात
कपबशी वाजवतात,
शर्टाचं वरचं बटण मीच लावते.
आता सगळंच थरथरत होतं,
यंत्र, भिंत, बादलीतलं पाणी, माझे दात,
आणि त्यात दादांचे हात कुठले
ते ओळखू येईना.

तिसऱ्या भोकाला आवाज बदलला.
मला कळलाही नाही.
त्यांनी तिथल्या तिथे बोट उचललं.
"सळई."
किती वर्षांनी कुणीतरी ओळखीचं भेटावं
तसा चेहरा.
दोन बोटं सरकून नवं भोक पाडलं.
चुकलेलं मी बुजवणार होते,
"असू दे," म्हणाले, "निदान ती कुठे आहे
ते तरी माहीत राहील."

सायकलच्या पंपानं धूळ उडवली,
भुवया पांढऱ्या झाल्या. त्या आधीच होत्या म्हणा.
चारही बोल्ट पान्यानं आवळले,
दांड्याला दोन हिसके दिले,
आणि टॉवेल आणून त्यावर वाळत घातला,
नीट, दोन्ही टोकं जुळवून.
टॉवेलचाच तर दांडा होता.

सहाला दहा मिनिटं असताना यंत्र परत केलं.
बिट आता त्यांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत आहे.
पाचवा फास्टनरही.

सकाळी न्हाणीघरात गेले
तर टॉवेल एका कडेला लोटलेला,
आणि मधला वीतभर दांडा
मोकळा,
साबणाच्या बोटांनी माखलेला.
मी तो पुसला नाही.